काळभाताचा प्रश्न आणि अनुदानाचा अर्ज

एका आषाढात, भंडारदऱ्याकडून उतरलेले धुके राजूरच्या बाजारपेठेवर दिवसभर तळ ठोकून बसले असताना, या परिसरात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक तरुण अध्यापक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदांची जाड चळत घेऊन माझ्या ओसरीवर आले, आणि छत्री मिटण्याचेही भान न ठेवता म्हणाले, "सर, संशोधन-अनुदानासाठी प्रस्ताव केला आहे, परवा मुदत संपते, तेवढी नजर फिरवून द्या." चळत बासष्ट पानांची होती. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत विषय लिहिला होता : 'अकोले तालुक्याच्या आदिवासी भागातील पारंपरिक भातवाणांचा सर्वांगीण अभ्यास'. त्या 'सर्वांगीण' शब्दापाशी माझी नजर अडखळली, कारण तीस वर्षांपूर्वी मी स्वतः सादर केलेल्या आणि यथावकाश परत आलेल्या पहिल्या प्रस्तावाच्या शीर्षकातही हाच शब्द होता, आणि त्यासोबत आलेला शेरा मला अजून पाठ आहे : उद्दिष्टे व्यापक, मुदत अपुरी, प्रश्न अस्पष्ट.

त्या शेऱ्यावर मी कित्येक आठवडे धुमसत होतो, आणि आडवळणाच्या गावातल्या माणसाला शहरातले विद्वान विचारीत नाहीत ही सोयीस्कर कैफियत मीही चारचौघांत मांडली होती. पुढे योगायोगाने इतरांचे प्रस्ताव तपासण्याचे काम माझ्याकडे आले, आणि रात्रीच्या जेवणानंतर दिव्याखाली बसून एकामागून एक पंधरा-वीस प्रस्ताव वाचताना माझ्या ध्यानात आले की परीक्षक हा बहुधा थकलेला, आपल्या विषयाच्या शेजारच्या विषयात मुरलेला आणि राजूर नकाशावर कोठे आहे याची सुतराम कल्पना नसलेला असा एक सद्भावनेचा वाचक असतो. प्रत्येक प्रस्ताव उघडताना त्याच्या मनात एकच पृच्छा असते : या माणसाला नेमके काय ठाऊक नाही, हे त्याला ठाऊक आहे काय? ज्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर या पृच्छेचे उत्तर सापडते तो पुढे वाचला जातो. ज्यात सापडत नाही त्याची उरलेली एकसष्ट पाने केवळ शिष्टाचार म्हणून उलटली जातात.

म्हणून मी त्या अध्यापकांना प्रथम चळत बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारले, "तुम्हांला या वाणांतल्या काळभाताविषयी काय कळत नाही?" काळ्या तुसाचा आणि शिजताना घरभर दरवळणारा हा भात आमच्या पश्चिम भागाचे भूषण; त्याच्याविषयी आपल्याला काही कळत नाही हे कबूल करणे त्यांना जड गेले. बराच वेळ ते भाताचे महत्त्व, त्याची पौष्टिकता, संकरित बियाण्यांचे आक्रमण आणि आदिवासी संस्कृतीचा ऱ्हास यांविषयी बोलत राहिले. ते सारे खरे होते, पण त्यात प्रश्न एकही नव्हता. अखेर चहाचा दुसरा पेला रिकामा झाल्यावर ते म्हणाले, "सर, एक गोष्ट खटकते. घाटघरला काळभात म्हणून जे दाखवतात आणि उडदावण्याला किंवा रतनवाडीला जे दाखवतात, ते एकच आहे की नाव एक आणि वाण निरनिराळे, हे सांगता येत नाही." मी म्हटले, "हाच तुमचा प्रस्ताव. बाकीची पाने चुलीत घाला."

प्रश्न बरा की वाईट हे ओळखण्याची माझी एक गावठी कसोटी आहे, आणि ती कोणत्याही अनुदानसंस्थेच्या मार्गदर्शिकेत छापलेली नसली तरी आजवर तिने मला दगा दिलेला नाही : आपला प्रश्न राजूरच्या आठवडे बाजारात तांदूळ विकायला बसलेल्या बाईला, एकही इंग्रजी शब्द न वापरता, दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे, आणि तो ऐकून तिने मान न डोलावता उलट काही विचारले पाहिजे. आमच्या अध्यापकांनी पुढच्या बाजारी हा प्रयोग केला. बाई म्हणाली, "मंग आमचा काळभात खरा का त्यांचा?" या एका उद्गारात प्रस्तावाचे सामाजिक प्रयोजन आयतेच हाती आले, कारण २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये शेतकऱ्यांना आपल्या परंपरागत वाणाची नोंदणी करता येते; मात्र त्यासाठी वाणाचे भिन्नत्व, एकसारखेपणा आणि स्थैर्य दाखवावे लागते, आणि एकाच नावाखाली अनेक वाण नांदत असतील तर कोणाच्या कोणत्या बियाण्याची नोंद करावयाची हा मामला प्रथम निकालात काढणे भाग आहे. जो प्रश्न शास्त्रालाही हवा आणि बाजारातल्या बाईलाही हवा, त्याचे महत्त्व पटवण्यासाठी दहा पानांची प्रस्तावना लिहावी लागत नाही.

हेच डांगी जनावरांविषयी. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते तेव्हा या जातीचे काळे कठीण खूर आणि मुसळधार पावसात अंगावरून पाणी निथळू देणारी तिची तेलकट कातडी यांचे गुणगान प्रत्येक जाणता शेतकरी करतो. 'डांगी जातीचे महत्त्व' हा भाषणाचा विषय झाला. त्या तेलकट स्रावाचे प्रमाण पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात बदलते काय, आणि संकरित जनावरांच्या तुलनेत ते किती, हा संशोधनाचा.

प्रश्न ठरला की दुसरी गोष्ट, जी माझ्या मते सर्वांत मोलाची असूनही आपल्याकडे सर्वाधिक उपेक्षित राहते, ती म्हणजे पैसा मागण्यापूर्वी आपल्या ऐपतीप्रमाणे काम सुरू केलेले असणे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्प १९१८ च्या सुमारास सोडला, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लक्ष रुपयांचे अभिवचन दिले, आणि १९१९ मध्ये खुद्द रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्ते कामाचा शुभारंभ झाला, इतके बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. पण प्रस्ताव लिहिणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट १९२३ सालची आहे. त्या वर्षी संपादक उटगीकरांनी सिद्ध केलेली विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती संस्थेने छापली आणि ती देशोदेशींच्या पंडितांकडे मतप्रदर्शनार्थ धाडली. अठरा पर्वांच्या अफाट पसाऱ्यातून एकच पर्व निवडून, आपण पाठभेद कसे नोंदवू, पोथ्यांची तुलना कशी करू, हे त्यांनी प्रत्यक्ष कागदावर दाखवले आणि दोष काढण्याची विनंती केली. दोष निघालेही, १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकरांनी सूत्रे हाती घेतल्यावर पद्धतीत पुष्कळ फेरफार झाले, १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला भाग बाहेर पडला आणि संपूर्ण कार्य १९६६ मध्ये तडीस गेले. जवळजवळ अर्धे शतक चाललेल्या या कार्यात देणगीदार बदलले, संपादक बदलले, राज्येही बदलली. तरी प्रत्येक नव्या दात्यापुढे ठेवायला संस्थेजवळ आश्वासनाखेरीज छापील पाने होती.

आपल्या तालुक्यापुरते बोलायचे तर कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जमवायला सुरुवात केली ती कोणाच्या मंजुरीचा कागद हाती घेऊन नव्हे. बियाणे आधी मडक्या-गाडग्यांतून घरात साठले, बाएफ या संस्थेचे साहाय्य नंतर मिळाले, आणि २०२० चे पद्मश्री त्याहून कितीतरी नंतर. राज्य सरकारने २०२२ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपयांची मान्यता दिली तेव्हा त्यातील सात विषयांत स्थानिक पीकवाण आणि देशी पशुधन यांचा समावेश होता, आणि त्याआधी राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या आश्रयाने काही वर्षे प्राथमिक काम झालेले होते. महाविद्यालयातील एकट्यादुकट्या अध्यापकाने अर्थात एवढी झेप घ्यायची नाही. त्याने पाच गावांतून पाच पसे काळभात गोळा करावा, दाण्यांची लांबी-रुंदी मोजावी, छायाचित्रे घ्यावीत, आणि त्या मोजमापाचा एक तक्ता प्रस्तावात जोडावा. पाच नमुन्यांवरून सिद्धान्त निघत नाही हे परीक्षकालाही कळते. पण या माणसाला नमुना गोळा करता येतो, मोजता येतो, आणि गावकरी त्याला दारात उभे करतात, या तीन गोष्टी त्या तक्त्यावरून सिद्ध होतात.

पूर्वसूरींच्या कार्याचा आढावा घेताना 'या विषयावर आजवर कोणीही अभ्यास केलेला नाही' हे वाक्य लिहिण्याचा मोह निर्धाराने टाळावा. हे वाक्य बहुधा खोटे असते, आणि खरे असले तर परीक्षकाच्या मनात शंका येते की अभ्यास करण्याजोगे त्यात काही नसावे. सुगंधी भाताच्या वासाला कारणीभूत असणारे मुख्य द्रव्य २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन हे होय, आणि बासमतीपासून थायलंडच्या जास्मिनपर्यंत त्यावर विपुल लेखन झालेले आहे. ते सर्व दोन पानांत सांगून, मग 'एवढे कळले आहे, आमच्या डोंगरातल्या नामसदृश वाणांविषयी मात्र अमुक एक गोष्ट उकललेली नाही' असे बोट ठेवून दाखवावे. ज्या विद्वानाचा आधार घ्याल तोच कदाचित तुमचा परीक्षक असेल, एवढे स्मरण ठेवून त्याचे म्हणणे अचूक मांडावे.

उद्दिष्टे तीनच्या वर नेऊ नयेत, आणि प्रत्येक उद्दिष्टापुढे ते कोणत्या कृतीने, कोणत्या गावी, किती नमुन्यांवर साध्य होणार हे लिहावे. येथे मला जरा थांबायचे आहे, कारण बहुतेक प्रस्ताव कोसळतात ते याच प्रकरणात. 'नमुने गोळा करून त्यांचे विश्लेषण करण्यात येईल' या वाक्यात सारे आहे आणि काहीच नाही. किती गावे? गावे कोणत्या निकषावर निवडली, की जेथपर्यंत एसटी जाते तेथपर्यंतच? एका गावात किती घरे, आणि ज्या घरी काळभात पेरतच नाहीत त्यांना विचारणार की नाही? सर्व बियाणे एकाच शेतात, एकाच मातीत, शेजारी शेजारी लावून पाहिल्यावाचून दिसणारा फरक वाणाचा की जमिनीचा हे कसे कळणार? त्या लागवडीत प्रत्येक नमुन्याची किमान तीन वेळा पुनरावृत्ती आणि वाफ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला, एवढी दक्षता घेतली नाही तर मिळालेल्या आकड्यांवर संख्याशास्त्री विश्वास ठेवणार नाही; तेव्हा त्या संख्याशास्त्र्याला प्रस्ताव लिहितानाच भेटावे, आकडे हाती आल्यावर नव्हे. शिवाय अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष निघाला तर पुढे काय, याचेही उत्तर द्यावे. सर्व गावांचा काळभात एकच निघाला तरी ती नोंदणीच्या दृष्टीने उपयुक्त माहिती आहे. दोन्ही बाजूंनी उपयोगी पडणारा प्रश्न परीक्षकाला विशेष भावतो.

आणि मग पंचांग. अनुदानाच्या अर्जातील वेळापत्रक महिने मोजून तयार होते : पहिला महिना ते सहावा महिना अमुक, सातवा ते बारावा तमुक. भात मात्र महिने असे मोजत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजला जातो, मृगाच्या पावसावर रोप टाकले जाते, आषाढात चिखल करून आवणी होते आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. मंजुरीचा हुकूम सप्टेंबरात आला तर 'पहिला महिना' आवणी उलटून गेल्यावर उजाडतो, आणि तुमचे संपूर्ण वर्ष वाया जाते. म्हणून वेळापत्रक दोन पर्यायांनी लिहावे : हुकूम मे महिन्याच्या आत आला तर असे, नंतर आला तर तसे, उशीर झाल्यास पहिल्या सहा महिन्यांत गावोगावच्या मुलाखती, दाण्यांची मोजमापे, प्रयोगशाळेतील काम, आणि लागवड पुढच्या मृगावर. हे लिहिणाऱ्याने शेत पाहिले आहे याची खूण परीक्षकाला याहून चांगली कोठे मिळणार? घाटघरसारख्या अतिवृष्टीच्या गावी श्रावणात रस्ता कधी बंद पडेल याचा नेम नसतो, हेही वेळापत्रकात दिसू द्यावे.

परवानग्यांची बाब लोक शेवटच्या रात्रीवर टाकतात. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, तेव्हा ग्रामसभेला विश्वासात घेतल्यावाचून गावात अभ्यास आरंभणे कायद्याच्या हेतूलाही धरून नाही आणि सभ्यतेलाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीतून रानटी वनस्पतींचा एखादा नमुना उचलायचा असेल तर वनखात्याची पूर्वपरवानगी हवी. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्यान्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत, आणि नमुने परदेशातील सहकाऱ्याकडे पाठवायचे झाल्यास चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा दरवाजा ठोठावावा लागतो. या सर्वांचे दाखले लगेच मिळत नाहीत. निदान अर्ज दिल्याची पोच जोडावी. याहून नाजूक प्रश्न निराळाच आहे. ज्या घराने तीन पिढ्या बियाणे जपले त्या घराचे नाव अहवालात कोठे येणार, आणि निष्कर्ष त्या घरापर्यंत कोणत्या भाषेत पोचणार, याविषयी एक परिच्छेद लिहावा, आणि जे लिहाल तेवढेच करावे. आमच्या गावांत सर्वेक्षण करून गेलेली मंडळी पुष्कळ आहेत. परत येऊन काय सापडले ते सांगणारी बोटांवर मोजण्याजोगी.

अंदाजपत्रकाविषयी थोडक्यात. उपकरणे, मनुष्यबळ, उपभोग्य साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च आणि संस्थेचा अधिभार ही खाती बहुतेक ठिकाणी ठरलेली असतात. प्रत्येक खात्यातील प्रत्येक रकमेची रुजुवात कार्यपद्धतीतील एखाद्या वाक्याशी लागली पाहिजे. पद्धतीत बारा गावी दोन वर्षांत चार फेऱ्या लिहिल्या असतील तर प्रवासखर्चात अठ्ठेचाळीस भेटींचे जीपभाडे दिसावे, पन्नासाचे नको आणि तिसाचेही नको. डीएनए तपासणीचे यंत्र राजूरला मागण्यात अर्थ नाही. वीज, देखभाल आणि चालवणारा माणूस या तिन्ही गोष्टींअभावी ते खोक्यातच राहील, आणि नमुने पुण्याच्या एखाद्या सुसज्ज प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा दर मागवून दरपत्रक जोडणे अधिक शहाणपणाचे. स्थानिक तरुणांची रोजंदारी आणि ज्याच्या शेतात लागवड करणार त्याच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई या तरतुदी संकोच न करता कराव्यात. रक्कम फुगवू नये, आणि मंजुरी मिळावी म्हणून अवास्तव कमीही मागू नये. स्वस्तात काम करून देणारा माणूस परीक्षकाला अननुभवी वाटतो. केंद्राच्या अनुदानाचा हिशेब २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नमुना १२-अ मधील उपयोगिता प्रमाणपत्राने द्यावा लागतो. ते प्रमाणपत्र वेळेवर न गेल्यामुळे पुढचा हप्ता वर्षभर अडकून पडलेले संशोधक मी पाहिले आहेत, म्हणून महाविद्यालयाच्या लेखापालाशी स्नेह पहिल्या दिवसापासून जोडावा.

दार कोणते ठोठावायचे हे प्रश्नाच्या जातीवर अवलंबून. राष्ट्रीय पातळीवर २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले असून पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले आहे. समाजशास्त्रीय विषयांसाठी १९६९ पासूनची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. आदिवासी जीवनाशी निगडित विषय असेल तर पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात आठवडाभर बसल्याखेरीज लेखणी उचलू नये. प्रत्येक संस्थेची सूचनापत्रिका शब्दशः वाचावी. पानांची मर्यादा दहा असेल तर अकराव्या पानावर लिहिलेले ब्रह्मज्ञानही व्यर्थ आहे.

सारांश सर्वांत शेवटी लिहावा, कारण आपल्याला काय म्हणायचे होते हे तेव्हाच नीट कळलेले असते. प्रस्ताव बहुधा इंग्रजीत जातो, आणि ती भाषा परकी म्हणून आपण तिला दागिन्यांनी मढवतो. माझा सल्ला असा की मसुदा आधी मराठीत, घरच्या माणसाला पत्र लिहावे तसा लिहावा, आणि मग भाषांतर करावे. जे वाक्य मराठीत पोकळ वाटते ते इंग्रजीत भरीव होत नाही. नंतर तो मसुदा आपल्या विषयातला नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला, शक्य तर थोड्या चिडक्या, वाचायला द्यावा, आणि त्याने जेथे पान उलटले तेथे खूण करून ठेवावी.

आमच्या त्या अध्यापकांनी ती परवाची मुदत अर्थातच सोडून दिली, आणि पुढच्या वेळेसाठी चौदा पानांचा प्रस्ताव केला. तो परत आला, परीक्षकांच्या सात शेऱ्यांसह. या खेपेस धुमसायला मी त्यांना दोनच दिवस दिले. तिसऱ्या दिवशी सातही शेरे एका कागदावर डाव्या बाजूला आणि त्यांची उत्तरे उजव्या बाजूला अशी फर्द आम्ही तयार केली. पाच शेरे न्याय्य होते, एक गैरसमजातून आलेला होता, म्हणजे आमचे वाक्यच संदिग्ध होते, आणि एकाशी आम्ही विनयपूर्वक मतभेद नोंदवला. फेरअर्ज मंजूर झाल्याचे कळले तेव्हा भाद्रपद लागला होता आणि आवण्या केव्हाच आटोपल्या होत्या. तरी त्या वर्षीचा हंगाम हुकला नाही, कारण मंजुरीची वाट न पाहता त्यांनी उडदावण्याच्या एका शेतकऱ्याकडून दोन गुंठे जमीन खंडाने घेऊन, स्वतःच्या पगारातून, पाच गावांचा काळभात शेजारी शेजारी लावून ठेवला होता, आणि हुकूम हाती पडला तेव्हा तो निसवायला लागला होता.